कमांड लाइन प्रोग्रामचं आउटपुट तपासणाऱ्या टेस्ट तुम्ही कशा लिहिता?

रानजाई
बरेच दिवस विचारायचं होतं, आज वेळ मिळाला म्हणून धागा काढते. एका पतसंस्थेसाठी मी पायथनमध्ये लिहिलेला कमांड लाइन प्रोग्राम सांभाळते. कर्जाचा हप्ता काढणं, थकबाकीची यादी, खातेउतारा, सगळं मराठीत आणि सगळं टर्मिनलवर. विंडो नाही, बटण नाही, कमांड दिली की मजकूर छापला जातो आणि शाखेतले लोक तोच मजकूर प्रिंटरवर काढतात. म्हणजे आउटपुट हाच माझा सगळा प्रोग्राम आहे असं म्हणा.

आतल्या फंक्शनच्या युनिट टेस्ट (एकेक तुकडा वेगळा तपासणाऱ्या) आहेत, पण तिथे सगळं हिरवं असूनही छापलेल्या उताऱ्यात रकाना सरकलेला, एखादी ओळ दोनदा आलेली, असं दोनदा झालं. तोपर्यंत मी दर रिलीजच्या आधी चाळीसेक कमांड हाताने चालवून डोळ्यांनी बघायचे, त्यात अख्खी दुपार जायची आणि विसाव्या कमांडनंतर डोळे वाचत नाहीत, नुसते फिरतात. मग एक शेल स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक कमांडचं अपेक्षित आउटपुट फाइलमध्ये ठेवलं आणि डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) लावला. सध्या तीन अडचणी आहेत:

माझ्या लॅपटॉपवर पास होतं ते सीआय सर्व्हरवर (जिथे टेस्ट आपोआप चालतात) फेल होतं, यादीचा क्रमच बदलतो. दुसरं, उताऱ्यावर आजची तारीख असते त्यामुळे काल पास झालेली टेस्ट आज फेल. आणि तिसरं मला खरंच कळत नाहीये, सहकाऱ्याने नवीन लिहिलेली एक टेस्ट कुठल्याच मशीनवर पास होत नाही. डिफमधे वजा आणि अधिकची ओळ अक्षरनअक्षर सारखी दिसते, "तिसऱ्या हप्त्याची थकबाकी". शेवटी स्पेस आहे का तेही बघितलं, नाहीये.

जुना_टर्मिनल
चांगला विषय. पहिल्या अडचणीचं उत्तर बहुतेक लोकेल, म्हणजे मशीनची भाषा, क्रम आणि आकडे लिहिण्याची सेटिंग. यादी सॉर्ट कमांडमधून जाते का? जात असेल तर सर्व्हरवर लोकेल वेगळं आहे. इंग्लिश अमेरिकन लोकेलमधे कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकमेकांत मिसळून लागतात, सी लोकेलमधे आधी सगळी कॅपिटल, मग स्मॉल. आकड्यांचंही तेच, भारतीय लोकेलमधे प्रिंटएफला (मजकूर छापणाऱ्या कमांडला) सांगितलं तर १,००,००० असे लाखाचे स्वल्पविराम येतात आणि सी लोकेलमधे काहीच येत नाही. टेस्ट चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या पहिल्या चार ओळींत एलसी_ऑल (लोकेल) आणि टीझेड (टाइमझोन) स्वतः सेट करायचे, जे मशीनवर असेल त्यावर सोडायचं नाही.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटचा स्वतःचा टेस्ट सूट एकदा उघडून बघा, टी नावाच्या फोल्डरमधे आहे, शेकडो शेल स्क्रिप्ट आहेत आणि जवळजवळ सगळ्या हेच करतात: कमांड चालव, आउटपुट फाइलमधे घे, अपेक्षित फाइलशी ताडून बघ. त्यांच्या टेस्ट-लिब फाइलमधे लोकेल सी आणि टाइमझोन यूटीसी बांधून टाकलाय. तारखेचा प्रश्न त्यांना तुमच्यापेक्षा मोठा, कारण कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) हॅशमधेच, म्हणजे ओळखीच्या आकड्यात, वेळ धरलेली असते, वेळ एक सेकंदाने बदलली की हॅश बदलला. म्हणून त्यांच्याकडे टेस्ट_टिक नावाचं छोटं फंक्शन आहे, ते घड्याळ बघतच नाही. १९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या १११२९११९९३ या सेकंदापासून सुरू होतं आणि दर हाकेला ६० सेकंद पुढे जातं. हा आकडा म्हणजे ७ एप्रिल २००५, गिटच्या पहिल्या कमिटची वेळ. मला ही गोष्ट फार आवडते, टेस्टमधला काळ आपण ठरवायचा आणि तो हवा तेवढाच पुढे न्यायचा.

तुमच्या प्रोग्रामलाही "आज" बाहेरून देता आला पाहिजे. एखादा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) ठेवा, तो असेल तर ती तारीख, नसेल तर घड्याळ.

रानजाई
धन्यवाद दादा. हो, यादी शेवटी सॉर्टमधूनच जाते! तारखेचं करते तसं. याचा दुसरा फायदा आत्ता लिहिताना लक्षात आला, ३१ मार्चला प्रोग्राम काय छापतो ते मला आजच बघता येईल, आत्तापर्यंत ते दरवर्षी ३१ मार्चलाच कळायचं.

सागरगोटा
रानजाई, स्वतःची स्क्रिप्ट वाढवत बसण्याआधी क्रॅम हे अशाच टेस्ट चालवणारं साधन बघा. मर्क्युरिअलच्या (गिटसारख्याच प्रोग्रामच्या) लोकांनी त्यांच्या टेस्टसाठी जो फॉरमॅट काढला तोच क्रॅमने वेगळा करून सगळ्यांना वापरायला दिला. फाइल म्हणजे साधं टिपण असतं, डावीकडे चिकटून लिहिलं ते माणसासाठी, दोन स्पेस सोडून डॉलर दिला की ती कमांड, आणि तिच्याखाली दोन स्पेस सोडून लिहिलं ते अपेक्षित आउटपुट. असं (कमांड कळावी म्हणून मराठीत लिहितोय):

मुद्दल, दर, महिने दिल्यावर हप्ता छापला पाहिजे

  $ हप्ता --मुद्दल १००००० --दर ९ --महिने १२
  मासिक हप्ता: ८७४५.१५

उणे मुद्दल दिलं तर चूक दाखवून बाहेर पडलं पाहिजे

  $ हप्ता --मुद्दल -५ --दर ९ --महिने १२
  चूक: मुद्दल शून्याहून जास्त हवं
  [२]

तो कंसातला २ म्हणजे एक्झिट कोड, प्रोग्राम संपताना परत देतो तो आकडा. शून्य असेल तर काहीच लिहायचं नाही. लोक मजकूर तपासतात आणि एक्झिट कोड विसरतात, मग प्रोग्राम "चूक" असं छापून शून्य परत करतो आणि ज्या स्क्रिप्टने त्याला बोलावलं ती स्क्रिप्ट सगळं ठीक समजून पुढे जाते. क्रॅममधे हे विसरताच येत नाही.

बदलतं काही असेल, समजा तात्पुरत्या फाइलचं नाव, तर ओळीच्या शेवटी कंसात ग्लोब किंवा आरई (नमुना जुळवण्याच्या दोन पद्धती) लिहून तेवढ्या ओळीला सूट देता येते. प्रत्येक टेस्टला स्वतःचं तात्पुरतं फोल्डर मिळतं आणि लोकेल, टाइमझोन, स्क्रीनची रुंदी ८०, हे तो आपणहून बांधून ठेवतो. ओकॅमल भाषावाल्यांच्या ड्यून या बिल्ड करायच्या साधनामधेही हाच फॉरमॅट आत बसवलेला आहे, तिथे बदल मान्य असेल तर प्रमोट म्हणायचं की अपेक्षित मजकूर फाइलमधे आपोआप उतरतो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही फाइल प्रोग्राम न येणाऱ्या माणसाला वाचता येते. तुमच्या शाखेतल्या कुणालाही दाखवा.

चिंचेचं_बन
क्रॅम छान आहे पण एक स्टॅंडर्ड एररचं सांगून ठेवते, तो स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर (चुकांचे संदेश जातात तो वेगळा मार्ग) एकत्रच पकडतो. पायथनचा प्रोग्राम टर्मिनलऐवजी पाइपमधे (म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे) लिहीत असेल तर स्टँडर्ड आउटपुट तुंबवून ठेवतो आणि मोठा घास झाला की सोडतो, त्यामुळे चुकीबद्दलचा संदेश नंतरचा असूनही आधी छापलेला दिसतो. पायथनअनबफर्ड हा व्हेरिएबल सेट करा नाहीतर दोन्ही वेगवेगळ्या फाइलमधे घेऊन तपासा, मी दुसरं करते.

मी बॅट्स वापरते, बॅश या शेलमधेच टेस्ट लिहायच्या, रन म्हटलं की स्टेटस आणि आउटपुट हे व्हेरिएबल हातात येतात. निकाल टॅप फॉरमॅटमधे काढता येतो, ओके १, नॉट ओके २ असा, जो पर्लच्या जगातून आलाय आणि आता सगळीकडे चालतो, गिटचा सूटही तेच छापतो. एका ठिकाणी मात्र सांभाळा, मॅकवर जुनं बॅश ३.२ येतं, त्यात दुहेरी चौकटी कंसातली अट मधल्या ओळीत खोटी ठरली तरी टेस्ट पास होते, शेवटच्या ओळीत असेल तरच फेल होते. उद्गारचिन्हाने उलटवलेल्या कमांडचंही तसंच, आणि ते नव्या बॅशमधेही. आमच्याकडे काही महिने एक टेस्ट काहीच न तपासता हिरवी होती. तेव्हापासून नवीन टेस्ट लिहिली की मी आधी प्रोग्राम मुद्दाम बिघडवते आणि टेस्ट लाल होते का ते बघते. लाल झाली तरच ठेवते.

सदाफुली_४२
तिसऱ्या अडचणीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण यात मी आठवडा घालवलाय. ती ओळ "तिसऱ्या" आहे ना? त्यातला ऱ्य बघा.

हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमधे ०९३१, त्याला हलन्त आणि मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की हा येतो. दुसरा प्रकार म्हणजे साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात, आणि मग य. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, फॉन्ट चांगला असेल तर भिंग लावूनही फरक दिसणार नाही. पण बाइट मोजा, पहिल्यात य च्या आधी ६ बाइट, दुसऱ्यात ९. दोन्ही फाइलवर डब्ल्यूसी वजा सी ही बाइट मोजणारी कमांड लावा, ३ बाइटचा फरक आला तर हेच आहे.

युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) लावून सुटेल असं वाटतं पण नाही. र अधिक नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर एनएफसी हा नॉर्मलायझेशनचा प्रकार त्याचा ऱ करून देतो, ते दोन युनिकोडच्या लेखी एकच आहेत. जोडकवालं रूप मात्र वेगळंच धरलं जातं, ते आपल्यालाच बदलावं लागतं.

आणि हे टेस्टपुरतं सोडू नका. प्रोग्राममधे एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं रूप असेल तर कुणी "गोऱ्हे", "कऱ्हाडे" असं आडनाव शोधलं की अर्धी खाती सापडणारच नाहीत.

रानजाई
सदाफुली, बरोब्बर ३ बाइट! सहकाऱ्याच्या फोनवरून मजकूर कॉपी झाला होता. मी तीच टेस्ट क्रॅममधे टाकून बघितली तर डिफमधे खरं आउटपुट त्याने बाइट उलगडून दाखवलं, शेवटी ईएससी लिहून, मराठी वाचता येत नाही त्यात पण जोडकाचे ई२ ८० ८डी हे बाइट शोधायला तेच उपयोगी पडलं. आडनावांचं ऐकून लगेच खात्यांच्या नावांवर शोध चालवला, अकरा नावं जोडकवाल्या रूपात निघाली. आता नाव आत घेतानाच एक रूप करून घेणारी ओळ घातली आणि तिच्यासाठी वेगळी टेस्ट. खूप खूप धन्यवाद, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

नदीकाठ
मराठीचं निघालंच आहे तर रकान्यांचंही घ्या. तुम्ही वर म्हणालात की रकाना सरकला. पायथनचं एलजस्ट (रकाना भरायला स्पेस घालणारं फंक्शन) कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे घटक, मोजतं. "किंमत" या शब्दात क, वेलांटी, अनुस्वार, म, त असे ५ कोडपॉइंट, यूटीएफ-८ मधे १५ बाइट, आणि वाचणाऱ्याला दिसतात ती ३ अक्षरं. बॅशच्या प्रिंटएफमधे रुंदी दिलीत तर तो बाइट मोजतो, म्हणजे अजूनच गोंधळ. स्क्रीनवरची रुंदी मोजणारी डब्ल्यूसीविड्थ नावाची लायब्ररी आहे ती वापरा. टेस्टमधे मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा, टेस्ट फक्त स्पेस मोजेल, प्रिंटरवर प्रत्यक्ष कसं उतरतं ते एकदा कागदावरच बघायला लागतं.

आणि एलसी_ऑल नुसतं सी ठेवाल तर पायथन ३.६ किंवा जुन्यावर मराठी छापतानाच एन्कोडिंगची एरर येईल. ३.७ पासून सुधारलंय. मी लिनक्सवर सी.यूटीएफ-८ ठेवतो, क्रम कोडपॉइंटचा राहतो आणि मराठीही छापली जाते.

उंबरठा
माझं मत थोडं वेगळं आहे, रागावू नका. पूर्ण आउटपुट ताडून बघणाऱ्या टेस्ट मी आता कमीत कमी लिहितो. कारण शीर्षकात एक शब्द बदलला की चाळीस टेस्ट फेल, मग माणूस वैतागून "सगळे बदल मान्य" करून टाकतो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आधी जिथे होतो तिथे व्याजाच्या पावतीची शीर्ष ओळ बदलली, सगळ्या अपेक्षित फाइली बदलल्या, त्या एका कमांडने स्वीकारल्या आणि पुढे गेलो. त्याच बदलात कुणीतरी डेसिमलची (पायथनच्या अचूक दशांश आकड्यांची) राउंडिंगची पद्धत काढून टाकली होती. पायथनच्या डेसिमलमधे काहीच सांगितलं नाही तर अर्धा पैसा सम आकड्याकडे वळतो, म्हणजे १२.१२५ चे १२.१२ होतात, आणि आमच्या नियमाने १२.१३ व्हायला पाहिजेत. शेकडो ओळींच्या डिफमधे ती एक ओळ होती, टेस्टने ती पकडून दाखवली होती, आणि मी न वाचता मान्य केली. तीन आठवड्यांनी एका शाखेतल्या वयस्कर लेखनिकांनी कॅल्क्युलेटरवर पडताळताना काढली. एक पैसा होता, पण माणसांच्या ठेवीवरचा होता आणि अनेक खात्यांवर होता. ते गृहस्थ रागावले नाहीत, शांतपणे कागद पुढे केला. मला अजून तो कागद आठवतो.

म्हणून मी एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पवाल्यांच्या फाइलचेक नावाच्या टेस्ट साधनासारखं करतो. त्यात टेस्ट फाइलमधे फक्त महत्त्वाच्या ओळी लिहायच्या, चेक म्हणजे ही ओळ पुढे कुठेतरी आली पाहिजे, चेक-नेक्स्ट म्हणजे लगेच पुढच्या ओळीत, चेक-नॉट म्हणजे मधे येताच कामा नये. बाकीचं आउटपुट कसंही बदलो. आकड्यांसाठी तर प्रोग्रामला जेसनमधे (प्रोग्रामला सहज वाचता येणाऱ्या ठरीव मांडणीत) उत्तर द्यायला लावा आणि ते तपासा.

जुना_टर्मिनल
उंबरठा, अनुभव मनापासून लिहिलात त्याबद्दल आभार. पण निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. टेस्टने काम केलं होतं, चूक स्वीकारण्याच्या पद्धतीत होती. फक्त महत्त्वाच्या ओळी तपासायच्या ठरवलं तर महत्त्वाचं काय ते आधी माहीत असावं लागतं. रानजाईंची दोनदा छापली गेलेली ओळ फाइलचेकच्या साध्या चेकने सुटली असती. चेक-नेक्स्ट लावलं असतं तर सापडली असती, पण ते लावायचं आधी सुचायला हवं.

आमच्याकडे नियम असा आहे की दिसण्यातला बदल आणि हिशोबातला बदल एका कमिटमधे येऊ द्यायचा नाही. शीर्षक बदललं तर त्या कमिटमधे फक्त शीर्षकाच्या ओळी बदललेल्या दिसल्या पाहिजेत, एखादा आकडा हलला तर परत पाठवतो. क्रॅमचा आय पर्याय प्रत्येक बदल दाखवून विचारतो, हो की नाही, तो वापरा, कंटाळा आला तरी वापरा.

चिंचेचं_बन
दोघांशी अर्धी अर्धी सहमत. मी पूर्ण आउटपुटच्या टेस्ट मोजक्या ठेवते, प्रत्येक कमांडसाठी एक, आणि आकड्यांचे सगळे कोपरे लहान टेस्टमधे. चाळीस ठिकाणी तेच शीर्षक तपासलं जात असेल तर ती चाळीस टेस्टची अडचण आहेच.

सागरगोटा
अजून एक राहिलं, पासवर्ड किंवा "हो/नाही" विचारणाऱ्या कमांड. पासवर्ड बहुतेक वेळा थेट टर्मिनलवरून वाचला जातो, पाइपने दिलेलं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यासाठी एक्स्पेक्ट, डॉन लिब्स यांनी अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेत १९९० मधे केलेलं. खोटं टर्मिनल उघडायचं, अमुक मजकूर दिसेपर्यंत थांबायचं, मग उत्तर टाइप करायचं. जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर यांच्या टेस्ट ज्या डेजाग्नूवर चालत आल्या तो यावरच उभा आहे. तुम्हाला पायथनमधे पीएक्स्पेक्ट मिळेल. दोन गोष्टी, खोट्या टर्मिनलमधून येणाऱ्या ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्हही येतं त्यामुळे ताडताना ते काढा, आणि वाट बघायची मर्यादा स्वतः ठरवा, पीएक्स्पेक्टमधे न सांगता ३० सेकंद असते, दहा टेस्ट अडकल्या की पाच मिनिटं गेली.

टर्मिनल आहे की पाइप यावरून प्रोग्राम वागणं बदलतात हेही याच निमित्ताने तपासा. एलएस टर्मिनलवर रकाने पाडतं, पाइपमधे एका ओळीत एक नाव देतं. तुमचा प्रोग्राम रंग वापरत असेल तर पाइपमधे रंगाचे कोड जाता कामा नयेत, आणि नो_कलर हा व्हेरिएबल असेल तर टर्मिनलवरही नाही.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवस झाले, काय काय केलं ते सांगते. लोकेल सी.यूटीएफ-८, टाइमझोन बांधला, तारीख बाहेरून देता येते. त्यामुळे २९ फेब्रुवारीला दिलेल्या कर्जाची टेस्ट लिहिली आणि ती पहिल्याच फटक्यात फेल झाली, पुढच्या वर्षीचा हप्ता १ मार्चला ढकलला जात होता, संस्थेच्या नियमाने २८ फेब्रुवारी पाहिजे. दुरुस्त केलं. क्रॅममधे कमांडगणिक एक अशा चौदा फाइली झाल्या, बाकी आकडे जेसनवर.

उंबरठा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. माझ्या लक्षात आलं की माझ्या सगळ्या अपेक्षित फाइली मी प्रोग्राम चालवूनच भरल्यात, म्हणजे आज जर व्याज चुकत असेल तर टेस्ट ती चूकच सांभाळत बसेल. म्हणून काल क्रॅमच्या फाइलींचे प्रिंट घेऊन शाखेत गेले. तिथल्या काकू संगणक येण्याआधीपासून हाताने हप्ते काढतात, त्यांची वही अजून आहे. त्यांनी सहा खात्यांचे पूर्ण तक्ते माझ्यासमोर ताडून बघितले. पाच जुळले. सहाव्यात शेवटचा हप्ता ४ पैशांनी वेगळा निघाला, त्या राहिलेले सगळे पैसे शेवटच्या हप्त्यात घेतात आणि माझा प्रोग्राम ते सोडून देत होता. वहीतला आकडा अपेक्षित म्हणून लिहिलाय, टेस्ट आत्ता लाल आहे, आज रात्री प्रोग्राम दुरुस्त करते. वहीतली अजून आठ खाती त्यांनी शनिवारी उतरवून द्यायचं कबूल केलंय.

चिंचेचं_बन
त्या आठांमधे मधेच मुदतपूर्व फेड झालेलं एखादं खातं नक्की मागून घ्या.

रानजाई
हो ताई, दोन आहेत तशी. सांगते त्यांना.